मीटर १२ दाखवतं, तरी ब्रेक लाइट का नाही? : अमळनेरच्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार. मोटारसायकल पडल्यानंतर बंद पडलेल्या ब्रेक लाइटवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचे आक्षेप तीन. एवढ्याशा कामाचं इतकं पाल्हाळ कशाला, "बल्ब बदली टाक, व्हई जाई". व्होल्ट मोजायच्या मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायर ठीकच, मग टेस्ट लॅम्पचा, म्हणजे वायरी जोडलेल्या बल्बने करंट तपासायचा, जुनाट खेळ कशाला. आणि मी काळी वायर अर्थची (करंट बॅटरीकडे परत नेणारी) म्हणालो, पण तुमच्या गाडीत काळीलाच करंट निघाला.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. माझी गाडी यामाहा. तिच्यात अर्थ काळी. तेच मी सगळ्या गाड्यांना लावून मोकळा झालो. होंडात आणि जुन्या हिरो होंडात अर्थ हिरवी असते, काळी म्हणजे चावी फिरवली की करंट येणारी. माझं वाचून कोणी ती चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टेकवली असती तर फ्यूज गेलाच असता. ते वाक्य मी काढून टाकलंय.

बल्बचं तुमचं निम्मं खरं. पडण्याच्या हिसक्याने फिलामेंट, म्हणजे बल्बातली जळणारी बारीक तार, तुटते, आणि कधी कधी ती जागेवरच राहून धड असल्याचं सोंग करते. पण "टेल लाइट लागतोय, म्हणजे बल्ब आणि फ्यूज दोन्ही शाबूत" हे तुमचं वाक्य घात करणारं आहे. २१/५ वॅटच्या बल्बात दोन फिलामेंट असतात: ५ वॅटची टेलची, २१ ची ब्रेकची. एक गेली तरी दुसरी खुशाल जळते. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत टेल लाइट इंजिन चालू असताना वीज तयार करणाऱ्या कॉइलवर चालतो आणि ब्रेक लाइट बॅटरीवर. फ्यूज उडालेला असतानाही टेल लागलेला दिसेल.

आता मीटर. माझी गाडी पारोळ्याकडून येताना दिवेलागणीला खडीवर घसरली, उजव्या अंगावर. हे अंग महत्त्वाचं, कारण पुढच्या ब्रेकचा लिव्हर आणि मागच्याचं पेडल दोन्ही उजवीकडेच, म्हणजे ब्रेक लाइटचे दोन्ही स्विचही तिकडेच. पेडल आत वाकलं होतं, ते सरळ केलं. दोन्ही स्विचच्या वायरी आळीपाळीने थेट जोडून पाहिल्या, लाइट नाहीच. बल्ब नवा, फ्यूज ठीक. बल्ब काढून होल्डरला मीटर लावला, ब्रेक दाबला तर १२.४. बल्ब बसवला की अंधार. दोन संध्याकाळी गेल्या माझ्या यात.

तुमच्याकडे केळी आहे, म्हणून ठिबकच्या भाषेत सांगतो. पाइपात कचरा अडकलाय आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद आहे, तेव्हा गेज पूर्ण प्रेशर दाखवतं. व्हॉल्व्ह उघडा, शेवटच्या झाडाला थेंब पोचत नाही. मीटर म्हणजे बंद व्हॉल्व्ह, तो करंट जवळपास ओढतच नाही. २१ वॅटची फिलामेंट मात्र पावणेदोन अँपिअर मागते. म्हणून टेस्ट लॅम्प, तोही २१ वॅटच्या बल्बचाच. बारीक एलईडीचा टेस्टर इथे मीटरइतकाच खोटारडा.

माझा लॅम्प स्विचच्या वायरीवर लखलखीत लागला, मागच्या होल्डरवर मेला. म्हणजे दोष मधल्या हातभरात. सीट काढली, चिकट झालेली काळी टेप सोलली. वायर वरून नवीकोरी, ओरखडासुद्धा नाही. पण मडगार्डच्या ब्रॅकेटपाशी चिमटीत धरून हलकी ओढली तर तेवढा भाग रबरासारखा ताणला गेला. आत तांबं हिरवं पडून तुटलेलं, जेमतेम एक तार शिल्लक, तीही गंजून नुसती टेकलेली. त्या एका तारेवर मीटरचे १२.४ चालू होते! तुकडा बदलला, सोल्डर केला, वरून इन्सुलेशनची बाही चढवली. खर्च चहापेक्षा कमी.

एलईडी टाकायचा तुमचा सल्लाही ऐकला असता तर तो बहुतेक लागला असता, कारण त्याला करंट थोडका लागतो. आणि ती एक तार एखाद्या रात्री महामार्गावर, मागे ट्रक असताना तुटली असती.

राहता राहिली तुमची गाडी. ब्रेक दाबला की टेल मंद होतो आणि मागचे इंडिकेटर मिणमिणतात, असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. खरं दुखणं तेच आहे. मागच्या पॅनलची अर्थ सुटली किंवा गंजली असणार, म्हणून करंट दुसऱ्या फिलामेंटमधून परतीची वाट शोधतोय. नवा बल्ब घ्यायच्या आधी एका वायरचं एक टोक होल्डरच्या अर्थला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावून ब्रेक दाबा. लाइट स्वच्छ लागला तर हिरवी वायर जिथे बोल्टला कसलीय तिथलं रिंग टर्मिनल (वायरच्या टोकाची गोल कडी) सोडा, पॉलिश पेपरने घासा, परत घट्ट कसा. आणि होल्डरच्या अर्थसाठी या वेळी रंग माझ्या लेखातून घेऊ नका.