'शाप्का' शेंडीवरून आलेली नाही

महिनाभर फिरणारा एक संदेश काल माझ्या भाचीच्या शाळेच्या प्रकल्पवहीत सुवाच्य अक्षरात उतरलेला पाहिला आणि राहवेना. संदेश म्हणतो: टोपीला रशियनमध्ये 'शाप्का' म्हणतात, ते मूळ संस्कृत 'शिखापक', शिखेचं रक्षण करणारं, रशियन लोक पूर्वी शेंडी राखत, फोटोतली कान झाकणारी टोपी हजारो वर्षं जुनी, आणि रशिया म्हणजे ऋषींचा देश.

'शिखापक' असा शब्द होता असं घटकाभर धरू. तरी गाडी पुढे जात नाही. संस्कृत आणि रशियन एकाच कुळातल्या आहेत हे खरं, पण म्हणूनच त्यांच्या ध्वनींचा हिशोब ठरलेला आहे. आपल्या 'श'च्या जागी तिकडे 'स' येतो: शत – स्तो, दश – देस्यत्, श्वेत – स्व्येत, म्हणजे प्रकाश. या नात्यातून टोपीचा शब्द आला असता, तर 'स'नेच सुरू झाला असता. शाप्का बाहेरून आली, म्हणून तिच्यात 'श' आहे. माक्स फास्मर यांचा रशियन व्युत्पत्तिकोश तिला जर्मनमार्गे जुन्या फ्रेंचपर्यंत नेतो. त्यामागे लॅटिन 'काप्पा', जिथून इंग्रजी 'कॅप' निघाली. मॉस्कोचा राज्यकर्ता इव्हान कलिता याच्या 14व्या शतकातल्या मृत्युपत्रात 'सोन्याची शाप्का' नोंदलेली आहे. ऋषिकाळ कुठे, हे कुठे!

शेंडीबद्दल थोडं मान्य करावं लागेल. जुन्या रुसचा, म्हणजे कीव्हचा राज्यकर्ता स्व्यातोस्लाव याचं डोकं भादरलेलं होतं आणि एका बाजूला केसांची बट होती, असं 10व्या शतकातला बायझंटाईन लेखक लिओ डीकन लिहितो. पण ती उच्च कुळाची खूण होती. टोपीच्या नावाशी तिचा काय संबंध?

फोटोतली 'उशान्का'. रशियनमध्ये 'उशी' म्हणजे कान. सोव्हिएत लाल सैन्याने ती 1940 मध्ये घेतली. आणि 'रशिया' ज्यावरून आलं ते 'रुस' हे नाव बहुतेक अभ्यासक स्वीडनच्या फिन्निश नावाशी, 'रुओत्सी'शी जोडतात. ऋषी त्यात नाहीत.

पोरीला लिहायलाच हवं होतं, तर किती होतं! वर्तमानपत्राच्या मथळ्यालाही रशियन माणूस शाप्का म्हणतो. टोपी उचलून नमस्कार करण्यापुरती ओळख ती 'शाप्कावाली ओळख'. आणि 'चोराच्या डोक्यावर शाप्का जळते' ही त्यांची म्हण, आपल्या 'चोराच्या मनात चांदणं'ची सख्खी बहीण. आज संध्याकाळी ते पान आम्ही दोघं नव्याने लिहिणार आहोत, या म्हणीपासून.