वॉरंट नाही, तरी फोन उघडा?

अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांचे फोन तपासतात त्यावरचा लेख माहितीपूर्ण आहे पण त्यातलं "लपवायला काही नसेल तर फोन दाखवायला काय जातंय" हे काही पटलं नाही. अहो अमेरिकेच्याच सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये रायली खटल्यात एकमताने सांगितलंय की अटक केलेल्या माणसाचा फोनसुद्धा पोलिसांना वॉरंटशिवाय चाळता येत नाही, मग जो नुसता विमानातून उतरून रांगेत उभा आहे त्याचा का चाळायचा? तर म्हणे बॉर्डरवर (म्हणजे विमानतळावरही) वॉरंटमधून सूट आहे. ती सूट मुळात बॅगा उघडून तस्करी आणि जकात चुकवणारे पकडायला होती, फोनमध्ये बँक, डॉक्टरचे रिपोर्ट, नवराबायकोची भांडणं सगळंच असतं राव!

अमेरिकेच्या सीमा-जकात खात्याच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे हाताने फोन चाळायला संशयाचीही गरज नाही, मशीन लावून डेटा काढायचा तर 'रास्त संशय' लागतो, पण राष्ट्रीय सुरक्षेचं कारण दिलं की तोही नको. वेगवेगळ्या भागांतल्या कोर्टांचंही यावर एकमत नाही, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोला उतरलात तर एक न्याय, मायामीला उतरलात तर दुसरा.

आणि अमेरिकन नागरिकाने पासवर्ड दिला नाही तर फारतर फोन ठेवून घेतील, त्याला देशात यायला अडवता येत नाही. आपला एफ-वन (विद्यार्थी) किंवा एच-वन (नोकरी) व्हिसावरचा पोरगा नाही म्हणाला तर परतीच्या विमानात बसवू शकतात, म्हणून तो निमूट देतो (आणि याला संमती म्हणायचं!). जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, क्लाउडवरचं (फोनमध्ये नसून इंटरनेटवर साठवलेलं) बघायची तिथल्या अधिकाऱ्यांना परवानगी नाही, तपासताना फोनचं नेटवर्क बंद ठेवायचं हा त्यांचाच नियम आहे, तेवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही.