पप्याला मोठी गाडी घ्यायचीय

काल रात्री आमच्या सोलापुरात, सात रस्ता चौकातल्या कट्ट्यावर जे झालं ते लिहून ठेवतोय, कारण उद्या पप्या म्हणणार मी असं बोललोच नव्हतो. त्याची ती जुनी सवय हाय. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसून रडला होता, ते पण अजून कबूल केलेलं नाही.

तर पप्यासाहेब आले, चहा सांगितला (पैसे कुणी द्यायचे ते न सांगता) आणि मोबाइलवर एका जुन्या गाडीचे फोटो सगळ्यांच्या नाकापुढं धरले. पांढरी शुभ्र, सात सीटर, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर), ऑटोमॅटिक डिझेल, सनरूफ, २०१७ चं मॉडेल, पुण्याची पासिंग, मीटरवर ७२ हजार. डीलर साडेतेरा लाख सांगतोय. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, उद्या पप्यालाच विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक हे वाचायचं.

"मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी, सेस धरून, ५० टक्क्यांवरनं ४० वर आल्यापास्नं नवीनच स्वस्त झाल्यात, जुनीला विचारतंय कोण? हीच वेळ हाय घ्यायची," पप्या म्हणाला. गेल्या खेपेला बुलेट घेताना पण हेच म्हणाला होता. ती बुलेट आता व्यंकट्याच्या कारखान्यात टॉवेलच्या गठ्ठ्यांमागं उभी हाय.

मास्तर लगेच सरसावला. मास्तर म्हणजे शाळेतला नाही, यूट्यूब बघून दुसऱ्याला शिकवतो म्हणून मास्तर. स्वतःकडं स्कूटी हाय, तीपण बायकोची. "लॅडर चेसिस बघ, शिडीसारखा लोखंडी सांगाडा, टॉर्क बघ, ओढायची ताकद. ह्या गाड्यांना काही होत नसतंय, पाच लाख किलोमीटर डोळे झाकून चालवायची."

"डोळे झाकून चालवल्यावर गाडीला नाही होत काही, समोरच्याला होतंय," बाबू मिस्त्री.

मी बाबूच्या बाजूचा हाय हे आधीच सांगून टाकतो. अक्कलकोट रोडला त्याचं गॅरेज हाय, माझी गाडी त्याच्याच जिवावर चालते आणि माझी उधारी पण तिथंच हाय. त्यामुळं खालचं सगळं त्या हिशोबानं वाचा.

बाबूनं फोटो मोठा करून बघितला. बाहेरनं नाही, आतला, ड्रायव्हर सीटचा. "स्टेअरिंग घासून गुळगुळीत, सीटची कड चुरगळलेली, आणि ब्रेक पेडलचं रबर मात्र कोरं करकरीत. मीटर मागं फिरवलेलं लपवायचं नसंल तर रबर कशाला बदललं असंल बे?"

पप्या म्हणाला डीलर माणूस चांगला हाय, गणपतीला पाया पडून डील करतो. त्याच्यावर बाबू काही बोलला नाही, नुसता विटेचा एक तुकडा उचलला आणि कट्ट्याच्या फरशीवर लिहायला लागला. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर, एकेक ३० हजार धर, चारांचे झाले १ लाख २०. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, शिट्टी मारायला लागला की ८०-९० हजार. चाकांमागचे लोअर आर्म, बुश, शॉकर मिळून ५०-६० हजार. अठरा इंची टायर, चार, ७० हजार. ह्यातलं सगळं एकदम येत नाही, पण येताना एकटं पण येत नाही, म्हणाला. "गाडी साडेतेरा लाखाला मिळतीय रे, पण पार्ट नव्या पस्तीस लाखाच्या गाडीचेच लागतात की. गाडी म्हातारी होती, पार्टची किंमत कुठं म्हातारी होती?"

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर. मी माझी घेतली ती अलॉय व्हील बघून, खोटं कशाला बोलू. कूलंट (इंजिन थंड ठेवायचं पाणी) कमी व्हायचं, खाली थेंब नाही, सकाळी पांढरा धूर, तो पण गोडसर वासाचा. मी रोज नळाचं पाणी ओतत होतो, आपल्याकडचं पाणी कसं असतंय माहितीय, घागरीच्या बुडाला पांढरा थर. मे महिन्यात नळदुर्गच्या अलीकडं इंजिनाच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला. सावलीला झाड नाही, बायको मागच्या सीटवरनं एक शब्द बोलली नाही, तेच जास्त वाईट. ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग, आतनं फुटला होता, पाणी इंजिनात जाऊन जळत होतं आणि माझ्या पाण्यानं रेडिएटर चुन्यानं भरला होता. बिल ४६ हजार, टोचन करून आणायचे वेगळे. त्या टोचनाचे तीन हजार व्यंकट्यानं दिले होते, त्यांचा विषय त्यानं काल परत काढला, गरज नसताना.

मास्तर मध्येच, "ऑटोमॅटिकला तर खर्चच नाही, गिअरबॉक्सला लाइफटाइम ऑइल असतंय."

"कुणाचं लाइफटाइम? वॉरंटीचं," बाबू. "ऑइल काळं होऊन झटके मारायला लागली की माझ्याकडं नको आणू, गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे लाखाच्या पुढंच. आणि ते फोर बाय फोरचं बटण आधीच्या मालकानं कधी दाबलं असंल का? वर्षानुवर्षं फिरली नाही की ते जोडणारी अॅक्चुएटरची मोटर जाम होती. तुला कुठं जायचंय फोर बाय फोरमध्ये, पार्क चौकात?"

मास्तर हरत नसतो, तो विषय बदलतो. मग बीएस सिक्स घे म्हणाला, धुराच्या नव्या नियमातली, एप्रिल २०२० नंतरची, नवी टेक्नॉलॉजी. आता बाबूचा चेहरा खुलला. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतंय, काजळी धरून ठेवायची जाळी. ती काजळी जळायला गाडी अर्धा तास तरी एका दमात गरम पळायला लागती, तिथं आत सहाशे डिग्रीच्या आसपास जातंय. पप्याची गाडी पळणार किती, तर घर ते नवी पेठ, नवी पेठ ते हा कट्टा. जाळी तुंबणार, दिवा लागणार.

"मग काय करायचं?"

"आठवड्यातनं एकदा मोहोळपर्यंत नेऊन आणायची. म्हातारं माणूस जेवल्यावर शतपावली करतंय तसं. केली नाही तर गॅस धरतंय."

इथं व्यंकट्याच्या नाकातनं चहा आला.

मग उगाच अर्धा तास टोयोटाची फॉर्च्युनर का फोर्डची एंडेव्हर ह्याच्यावर गेला, तो लिहीत नाही, सगळ्यांना पाठ हाय. कामाचं एवढंच की जुनी तीन लीटरची फॉर्च्युनर बघायला गेलात तर टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतले भाग तालात फिरवणारा पट्टा) बदललाय का ते बिलासकट विचारा, तो दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो. नव्या २.८ लीटरच्या गाडीला बेल्टच्या जागी चेन हाय. आणि फोर्डनं २०२१ ला इथं विकायच्या गाड्या बनवायचं थांबवलं म्हणून मास्तर दर वेळी गळा काढतो, सर्व्हिस चालू हाय हे सांगितलं तरी. कुठली पण गाडी असू दे, बाबू म्हणतो बघायला न सांगता जायचं, आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर डीलरनं सकाळीच चालू करून ठेवलीय, थंड इंजिनाचा आवाज तुला ऐकवायचा नाही. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण काढायचं, चुलीवरच्या तव्यासारखा भकाभक धूर आला तर इंजिन आतनं झिजलंय, चहा पिऊन परत यायचं.

"साडेतेरात घे, वर तीन लाख बाजूला ठेव. ठेवायला नसतील तर घेऊ नको," बाबू म्हणाला आणि विटेचा तुकडा टाकून दिला.

पप्या गप्प. मला वाटलं पटलं. मग म्हणाला, "मेव्हण्यानं घेतलीय बे."

सगळं तिथंच आलं. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग व्यंकट्यानं विचारलं, लावणार कुठं? पप्याच्या बोळातनं रिक्षा पण रिव्हर्समध्येच बाहेर येते. पप्या म्हणाला आरामात बसतीय, मी बघितलंय. व्यंकट्याच्या खिशात चादरी मोजायचा टेप कायम असतो, त्यामुळं रात्री अकरा वाजता पाच माणसं बोळ मोजायला गेली. मोबाइलच्या उजेडात, गटाराचं झाकण सोडून, सात फूट. गाडी सहा फूट एक इंच, आरसे सोडून.

"आरसे मिटवले की बसतीय," पप्या.

"बसली. दार कुठनं उघडणार?" मास्तरनं पहिल्यांदा कामाचं विचारलं.

"सनरूफ हाय की," बाबू.

वरच्या खिडकीतनं एक आज्जी ओरडली, कोण मेलंय का रे एवढ्या रात्री, आणि आम्ही टेप गुंडाळायच्या आत पळालो. चहाचे पैसे माझ्या खात्यावर.