बोगद्यातही रेंज मागणारे प्रेम

आपल्या प्रेमाची खोली जगाला दिसावी, अशी ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी काही अनुभवसिद्ध सूचना देत आहे.

जोडीदाराच्या मित्रमैत्रिणी हळूहळू गाळाव्यात. शिमग्याला त्याला एकट्याला गावी धाडू नये आणि धाडलेच, तर पालखी नाचत असताना दर अर्ध्या तासाने फोटो मागवावा.

आपली झोप, भूक आणि आनंद यांची जबाबदारी त्याच्यावर टाकून मोकळे व्हावे.

फोनचा वापर मात्र शिकून घ्यावा. गेल्या आठवड्यात चिपळूणहून रत्नागिरीला येताना शेजारी बसलेल्या मुलीला फोनवर पलीकडून बोलणारा तरुण "आता कुठे, शेजारी कोण, तो आवाज कोणाचा" असे विचारत होता, तेही स्पीकरवर, म्हणजे अख्खा डबा त्या प्रेमात सहभागी. उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात रेंज जाणारच, पण बाहेर येताच पहिला प्रश्न आला, "फोन मुद्दाम बंद केलास ना?" तिने शपथा घेतल्या, खिडकीतून डोंगर दाखवला आणि शेवटी फोन माझ्यापुढे धरला, "काकू, तुम्हीच सांगा ना याला." मी सांगितले. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही कोण?" भोके स्टेशन येईपर्यंत मी माझे नाव, गाव आणि रत्नागिरीतले काम अशी उलटतपासणी देत होते!

मानसशास्त्राच्या वाटेला अजिबात जाऊ नये. मानसोपचारतज्ज्ञ बोल्बी यांनी लहान मुलांना आईवडिलांची जी ओढ असते तिच्याविषयी मांडलेला विचार हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 साली प्रौढांच्या प्रेमाला लावून पाहिला. त्यांना काही जण जोडीदाराबाबत निर्धास्त, काही जवळीक टाळणारे, तर काही 'हा मला सोडून जाईल' या धास्तीत सतत खात्री मागणारे आढळले. मिळालेली खात्री या धास्तीला थोडाच वेळ पुरते, मग पुन्हा फोन.

अरे बाबा, आठवण येणे, आजारपणात आधार मागणे, रुसणे हे सगळे प्रेमात चालते. पण घटकाभर ती दिसली नाही की तुझा जीव कासावीस होतो आणि त्याची शिक्षा तिला भोगावी लागते, याला काळजी म्हणायची लाज वाटत नाही? भीती तुझी आहे, मग तिचा हिशेब ती का देईल? समुपदेशकाकडे जा, नाहीतर मित्रांकडे मन मोकळे कर. आणि मुली, बोगदा होता हे सिद्ध करायला परक्या बाईची साक्ष लागते, तेव्हाच फोन ठेवून द्यायचा होतास. तेवढे जमत नसेल, तर निदान तो स्पीकर तरी बंद कर.