विहिरीचा कठडा कुणासाठी?

सातवा लागला. परवा आशाताई येऊन कार्डात वजन लिहून गेल्या, रक्त ९.४ बघून रागावल्या, लोहाची गोळी चहाबरोबर घेतेस ना म्हणून अजून रागावल्या (घेत होते). जाताना अंगणात थबकून म्हणाल्या, "विहिरीला कठडा केलात वाटतं! बरं झालं बाई, आता बाळ येणार."

तिथं माझं डोकं सटकलं. त्यांच्यावर नाही, त्या वाक्यावर. दिवाळीपासून जो येतो तो हेच म्हणतोय.

थोडं मागचं सांगते. हडपसरचा भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही दोघं पुरंदरला नवऱ्याच्या घरी आलो. साडेतीन एकर. एकरभर अंजीर, अर्धा एकर सीताफळ, बाकी पावसाच्या भरवशावर. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं: पुढं पडवी, मागं गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडं संडास. पलीकडं म्हणजे रात्री बॅटरी घेऊन, कडब्याच्या गंजीला वळसा घालून, कुत्र्याला हाड हाड करत. पहिल्याच आठवड्यात मी तीन गोष्टी मागितल्या. संडास घराला लागून हवा. फवारणीची औषधं स्वयंपाकघरातून बाहेर. विहिरीला कठडा.

"करू की," नवरा म्हणाला. आप्पा, म्हणजे माझे सासरे, तर म्हणाले, लगेच करू.

दोन वर्षं गेली. त्यात ठिबक नवीन झालं, मोटर दोनदा भरून आणली, गोठ्यात कोबा झाला. म्हशीचा पाय घसरत होता म्हणून. यातलं काहीच फालतू नव्हतं, हिशेबाची वही मीच लिहिते, मला माहितीये. अंजिराला वेळेवर पाणी नाही मिळालं तर वर्ष जातं. पण माझे तीन विषय दर वेळी "या बहाराचे पैसे आले की"वर जायचे. बहार आला की पुढच्या बहाराची छाटणी, शेणखत, मजुरी उभीच असायची.

मग गेल्या जुलैत टेस्टवर दोन रेघा आल्या. दिवाळीच्या आत तिन्ही कामं झाली. तिन्ही! पैसे तेच, माणसं तीच, गवंडीसुद्धा दोन वर्षं गावातच होता.

सगळ्यात जास्त चीड मला त्या फळीची येते. स्वयंपाकघरात वरती तांदळाचा डबा, खाली तांबेऱ्याची, किडीची औषधं. विषाला आपण औषध म्हणतो आणि माझ्या लोहाच्या गोळ्याही औषधच. तिथल्या एका बाटलीवर लाल त्रिकोण होता, म्हणजे सगळ्यात जहाल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा घराघरात चर्चा झाली होती म्हणे, आमच्याही. फळी तिथंच राहिली. ती हलवायला खर्च शून्य रुपये. एक पत्र्याची पेटी गोठ्यामागं पडूनच होती, तिला कुलूप लावलं, झालं. पंधरा मिनिटांचं काम. त्यासाठी कुणाला तरी गरोदर राहायची गरज होती का?

नवऱ्याला मी हे सरळ विचारलं. तो वाईट माणूस नाही. रात्रपाळीच्या लाइटला दोन वाजता मोटर चालू करायला जातो आणि सकाळी माझ्याआधी चहा टाकतो. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "ऐकत होतो गं तुझं. पण घाई वाटत नव्हती." खरं बोलला म्हणून भांडण तिथंच थांबलं. पण हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

कठड्याच्या दिवशीचं सांगते. गवंड्यानं विचारलं, उंची किती घेऊ? नवरा म्हणाला तीन फूट. सासूबाई भाकरी थापत होत्या, तशाच पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "तीन नको, चार घे. पोरगं रांगतं तवा पडत न्हाई, चढाया लागलं की पडतं." गवंडी हसला. त्या नाही हसल्या.

संध्याकाळी माझ्याबरोबर अंजिराच्या पाट्या भरताना आपणहून बोलल्या. चिकानं बोटं खाजत होती, त्या खोबरेल तेल चोळत होत्या. नवरा दीड वर्षाचा असताना खुरपायला जाताना त्याला जुन्या लुगड्यानं गोठ्याच्या खांबाला बांधायच्या. "गाठ पाठीमागं मारायची. पुढं मारली की सोडतंय." मी म्हटलं, आई, तुम्ही कठडा कधी मागितला नाहीत? तर म्हणाल्या, "तीनदा मागितला. तिसऱ्यांदा तुझे आजेसासरे म्हणले, एवढी थोरली बाई, तू काय इहिरीत पडतीस व्हय?"

म्हणजे तेव्हा तर बाळही होतं.

"किती नशीबवान गं, शुद्ध हवेत बाळ वाढणार" असे मेसेज करणाऱ्या मैत्रिणींनो, शेजारच्या रानात फवारणी असते त्या दिवशी मी खिडक्या लावून आत बसते. आणि "पहिलं बाळंतपण माहेरीच" म्हणणाऱ्यांसाठी: माझ्या माहेरी दोन खोल्यांत पाच माणसं आहेत, इथून सासवड वीस मिनिटांवर आहे. डॉक्टरांनी पुण्याला जा म्हटलं तर जाईन. विषय संपला.

आता माझा हिशेब ऐका. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लागतं, म्हणजे बाळाच्या दाखल्यावर मी असणार. आणि ज्या बाईनं चाळीस वर्षं हे रान खुरपलं, तिचं नाव सातबाऱ्यावर नाही. नवऱ्यानं हयातीत अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत १९९२ पासून आहे. आप्पांना परवा जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "करू की."

अजून दोन महिने आहेत. सध्या या घरात माझा शब्द खाली पडत नाही, बाळ झाल्यावर काय भाव राहील सांगता येत नाही. सोमवारी तलाठी सजात, म्हणजे त्यांच्या कचेरीत, बसतात. मी, आप्पा आणि माझं पोट, तिघं जाऊन येतो.