खांबावरच्या पाट्या आणि मुंबई

भूजल उपशामुळे जमीन कशी खचते याचा अभ्यास करणारे अमेरिकन भूजलतज्ज्ञ जोसेफ पोलंड यांच्या कारकिर्दीवरचा लेख आवडला. खांबाला टेकून उभे असलेले पोलंड आणि त्या त्या साली जमीन कुठे होती हे दाखवणाऱ्या १९२५, १९५५, १९७७ च्या पाट्या, तो फोटो बघून आजही छातीत धस्स होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन खोऱ्यातली ती जागा तेवढ्या काळात सुमारे ९ मीटर खचली. म्हणजे तीन मजले!

पण लेखात एक मुद्दा निसटलाय. उपशामुळे दबतात ते मुख्यतः वाळूचे नव्हे, चिकणमातीचे थर. पाण्याचा दाब उतरला की वरचा सगळा भार मातीच्या कणांवर येतो आणि ते घट्ट बसतात. पुढे विहिरी भरल्या तरी जमीन वर येत नाही, त्या थरांतली साठवणही कायमची जाते. कॅलिफोर्नियातल्याच सँटा क्लारा खोऱ्यात बाहेरून पाणी आणून उपसा आवरला, तेव्हा १९६९ च्या सुमारास खचणं थांबलं. खचलेलं मात्र खचलेलंच राहिलं.

वर एकांनी लिहिलंय की टँकरवाल्यांच्या भूजल उपशामुळे मुंबईही अशीच खाली जाणार. इतकं सरळ नाही हो. मुंबईखाली बराचसा काळा बेसाल्ट आहे, तो असा दबत नाही. काळजी करायची तर भरावाच्या आणि खाडीकाठच्या मऊ चिखलाच्या जागांची; तिथे इमारतींचं वजनही जमीन दाबतं. शिवाय किनाऱ्यालगत जास्त उपसलं की पाणी खारं होतं, ते वेगळंच. आमच्या सोसायटीत बोअरला मीटर लावायचा विषय निघाला की निम्मी सभा चहाला उठते.