‘३ दिवसांत टेक डायव्हर’ वाल्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय, ‘टेक्निकल डायव्हिंगचा इन्स्ट्रक्टर कसा निवडावा, ५ सिक्रेट्स’. दोन-तीन ग्रुपवर पाहिला आणि सोडून दिला, कोण किती जणांना उत्तरं देत बसणार. पण परवा तो माझ्या भाच्यानेच पाठवला. तो मालवणला स्कुबाच्या होडीवर काम करतो, २३ वर्षांचा आहे. पावसाळ्यात तिकडे सगळं बंद असतं, म्हणून ही पोरं त्या महिन्यांत बाहेर जाऊन पुढचे कोर्स करून येतात. मेसेजखाली त्याने लिहिलेलं, "मावशे, ह्या वाच. उद्या ॲडव्हान्स भरतंय." ॲडव्हान्स म्हणजे असल्याच एका टेक कोर्सचा. मग मात्र गप्प बसवेना.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर, आणि त्यात काही बिघडलं तर शांतपणे वर यायचं, संपलं. टेक्निकलमध्ये ती सोय नाही. खोलवर जास्त वेळ काढला की अंगात नायट्रोजन विरघळत जातो, आणि येताना ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबावंच लागतं, त्याला डेको म्हणतात. वर पाणी मोकळं दिसत असतं पण तुमच्यासाठी तिथे छत आहे असंच समजायचं. जे काय बिघडेल ते खालीच निस्तरायचं, आणि ते कसं निस्तरायचं हे शिकवणारा माणूस निवडायचाय, म्हणून मी एवढी तापलेय.

मेसेजचा पहिला मुद्दा, ‘इन्स्ट्रक्टरचं कार्ड असलं की झालं, सगळे सारखेच’. फ्लोरिडात पाण्याखालच्या गुहांच्या तोंडाशी एक पाटी लावलेली असते, काळ्या झग्यातला सांगाडा आणि खाली मजकूर, की अशाच गुहांमध्ये ३०० पेक्षा जास्त डायव्हर मेलेत आणि त्यात ओपन वॉटरचे, म्हणजे उघड्या पाण्यातलं साधं डायव्हिंग शिकवणारे, इन्स्ट्रक्टरसुद्धा आहेत. म्हणजे कार्ड त्यांच्याकडेही होतंच, फक्त त्या गुहेचं नव्हतं. कार्ड कशाचं आहे, कुठल्या लेव्हलपर्यंत शिकवायची परवानगी आहे, यंदा रिन्यू केलंय का, हे कार्ड देणाऱ्या एजन्सीकडे विचारून बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की एजन्सीच्या नावापेक्षा माणूस महत्त्वाचा. ते बरोबर आहे, मान्य करते. पण मग माणूस पारखायचा कसा, त्यावर एक ओळ नाही.

दुसरा, ‘जो सगळ्यात खोल गेलाय तोच बेस्ट’. शेक एक्सली हे नाव या पोरांना माहीत नसतं. गुहांमध्ये १००० डाइव्ह पूर्ण करणारा पहिला माणूस. मेलेल्या डायव्हरांचे अपघात एकेक करून तपासले आणि त्यातून नियम काढले, बाहेर जाणारी दोरी कधी तुटू द्यायची नाही, श्वासाच्या गॅसचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला संकटासाठी. आजही तेच शिकवतात. आणि तोच एक्सली १९९४ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या झकातोन नावाच्या विवरात खोलीच्या विक्रमाच्या प्रयत्नात गेला. त्याच्याबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच सांगते, खोली हे कोणाच्याच शहाणपणाचं सर्टिफिकेट नाही, आणि शिकवता येण्याचं तर नाहीच नाही. विचारायचं असेल तर हे विचारा, गेल्या सहा महिन्यांत विद्यार्थी सोबत नसताना, स्वतःसाठी, या लेव्हलच्या किती डाइव्ह केल्यात?

आता तिसरा, ज्याच्यामुळे खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. ‘खरा टेक इन्स्ट्रक्टर साध्या हवेवर ६० मीटर नेतो, हेलियम हा पैसे उकळायचा धंदा आहे, नशा काय सवयीने जाते.’

नशा म्हणजे खोलवर नायट्रोजनने चढते ती गुंगी, आणि हेलियम हा हलका वायू खोल डाइव्हच्या गॅसमध्ये मिसळतात, म्हणजे गॅस पातळ राहतो आणि नशा कमी होते. हे ज्याने कोणी लिहिलंय त्याने कोणाच्या तरी पोराचा जीव पणाला लावलाय. हिशोब बघा. एक लिटर हवेचं वजन वर सव्वा ग्रॅमच्या आसपास. ६० मीटरवर दाब सातपट, म्हणजे तीच एक लिटर हवा जवळजवळ ९ ग्रॅमची होते, आणि एवढी घट्ट हवा छातीने आत ओढायची आणि बाहेर ढकलायची. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल या दोघा संशोधकांनी २०१६ साली यावर लिहिलेलं आहे, पाण्यात मेहनत करणाऱ्या डायव्हरांवरच्या चाचण्यांचे निकाल घेऊन. गॅसची घनता लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत ठेवा, ६.२ च्या वर जाऊच नका, कारण त्यापुढे अंगात कार्बन डायऑक्साइड साठायचं प्रमाण एकदम वाढतं. साध्या हवेवर ५.२ चा आकडा ३१ मीटरच्या आसपास येतो आणि ६.२ चा ३९ ला. आणि हा बाबा ६० म्हणतोय.

कार्बन डायऑक्साइड साठला की धाप लागते, धाप लागली की जोरात श्वास, जोरात श्वास घेतला की छातीला आणखी काम आणि आणखी साठा. तिथून माणूस स्वतःच्या बळावर सहसा परत येत नाही. वर नायट्रोजनची नशा, ती याने वाढते. सवयीने कमी होतं ते फक्त ‘मला नशा झालीये’ हे वाटणं. हात तेवढेच चुकतात, फक्त चुकल्याचं कळत नाही. आणि ऑक्सिजन वेगळाच, ६० मीटरवर हवेतल्या ऑक्सिजनचा दाब १.४७ बार होतो, काम करताना मर्यादा १.४ ची धरतात, अंगात कार्बन डायऑक्साइड असला तर झटके यायची भीती अजून जास्त. झटका आला की तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो ते यंत्र, सुटतो. पुढचं मी लिहीत नाही.

अर्धं खरं आहे ते पण सांगते, नाहीतर म्हणाल मावशी एकांगी बोलते. हेलियम महाग आहे, भयंकर महाग, आणि आपल्याकडे सहज मिळतही नाही. हवेवर ५०-५५ मीटरपर्यंतचे कोर्स काही एजन्सींकडे आजही आहेत हेही खरं, मला ते पटत नाहीत पण आहेत. पण हेलियम परवडत नसेल तर त्याचा अर्थ एवढाच की तितकं खोल जायचं नाही.

चौथा, ‘३ दिवसांत कोर्स, १०० टक्के पास गॅरंटी’. मला माझ्या पहिल्या टेक कोर्सला पास केलं नव्हतं. चौथ्या दिवशी सहा मीटरवर सराव चालू होता, २१ मीटरच्या थांब्यावर आहोत असं धरून गॅस बदलायचा. अंगावर दोन जादा सिलेंडर, एकात २१ मीटरवर घ्यायचा ५० टक्के ऑक्सिजन, एकात शुद्ध. मास्क काढून परत लावला होता, डोळे चुरचुरत होते, मी रेग्युलेटर ओढला आणि तोंडाकडे नेला. सरांनी माझं मनगट धरलं. काहीही खूण केली नाही, फक्त सिलेंडर वळवून लेबल माझ्या मास्कसमोर आणलं, पांढऱ्या टेपवर काळ्या मार्करने हाताएवढा ६ चा आकडा. शुद्ध ऑक्सिजन, सहा मीटरच्या खाली तोंडाला लावायचा नाही असा. खरोखरच्या २१ मीटरवर त्याचा दाब ३.१ झाला असता. मग माझाच हात धरून सिलेंडरच्या तोंडापासून नळीवरून फिरवत फिरवत रेग्युलेटरपर्यंत आणला, तीनदा. संध्याकाळी म्हणाले, तुला आत्ता कार्ड देणार नाही, दोन महिने सराव करून ये. मी तेव्हा खूप रडले, पैसे गेले, रजा गेली. दोन महिन्यांनी परत गेले. आजही गॅस बदलताना माझा हात आपोआप नळीवरून फिरतो. कोर्स सुरू व्हायच्या आधीच पास करून टाकणाऱ्या माणसाने माझं मनगट कशाला धरलं असतं?

पाचवा, ‘पाण्यात प्रश्न विचारू नका, इन्स्ट्रक्टरवर पूर्ण विश्वास ठेवा’. टेकमध्ये नियम बरोबर उलटा आहे, कोणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो आणि त्याला कोणी काही बोलायचं नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत माँटानामधल्या लेक मॅकडॉनल्ड तलावात १८ वर्षांची एक मुलगी कोर्सच्या डाइव्हवर गेली, टेक पण नाही, साधा कोर्स. तिच्या ड्रायसूटमध्ये, म्हणजे आत पाणी न येणाऱ्या सूटमध्ये, हवा भरायची नळी तिच्या सेटला जोडलीच जात नव्हती, आणि अंगावर खाली जायला लावतात ते शिसं भरपूर. तरी तिला पाण्यात नेलं. ती वर आली नाही, कुटुंबाला कोर्टात जावं लागलं. नळी जोडल्याशिवाय मी उतरणार नाही, एवढं बोलायची मुभा तिला कोणीतरी द्यायला हवी होती.

भाच्याला मी रात्री फोन केला, तासभर बोललो. त्याला म्हटलं, ॲडव्हान्स थांबव आणि त्या कोर्सवाल्या इन्स्ट्रक्टरला चार गोष्टी विचार. शेवटचा विद्यार्थी नापास कधी केलास आणि का. एका वेळी पाण्यात किती जण घेतोस. ५० मीटरवर कुठला गॅस देतोस. आणि कोर्सच्या आधी तुझ्याबरोबर एक साधी डाइव्ह करता येईल का, म्हणजे तू पाण्यात कसा असतोस ते मला बघता येईल.

आज दुपारी त्याने उत्तराचा स्क्रीनशॉट पाठवला. ‘ब्रो इतना मत सोच, पहले सीट बुक कर, लास्ट २ बची हैं.’

पैसे त्याने भरलेले नाहीत. आता दुसऱ्या एका बाईंशी बोलतोय, त्यांनी पहिल्याच मेसेजमध्ये त्याचं लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, मागितलं आणि म्हणाल्या, आधी ट्विनसेटवर, म्हणजे पाठीवर जोडसिलेंडर घेऊन, २५ डाइव्ह कर, मग बघू. तो जरा नाराज आहे.